बरणीतले फुगे

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक उपकरण हमखास भेटते. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून तेथे रबरी पडदा ताणून बसवलेला असतो. बुचातून एक नळी आत सोडलेली असते, ती खाली दुभंगते आणि तिच्या दोन टोकांना दोन फुगे बांधलेले असतात. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की मिटतात. शाळेच्या प्रयोगशाळेत हेच उपकरण काचेच्या बरणीत असते आणि पाठ्यपुस्तकात त्याची आकृती असते. इयत्ता कोणतीही असो, मंडळ कोणतेही असो, श्वसनाचा धडा या बरणीशिवाय पुरा होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. दोन मुलगे पाठ केलेली माहिती धडाधड सांगत होते आणि आठवीतली एक मुलगी पडदा ओढायचे काम करत होती. मुलांचे सांगून झाल्यावर ती शेजारी उभ्या असलेल्या आपल्या शिक्षकांना हळूच म्हणाली, "सर, माझ्या आईला श्वास घेता येतो, पण सोडता येत नाही. ते यात कसं दाखवायचं?" सरांनी प्रेमानेच उत्तर दिले, "अगं, श्वास सोडायला काही करावं लागत नाही. तो आपोआप सुटतो." पुस्तकाप्रमाणे सरांचे उत्तर बरोबर होते. आम्हीही मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. ती मान डोलावणे आम्हाला अजून टोचते, म्हणून हा लेख. टीका सरांवर नाही. ती बरणीवर आणि बरणीभोवती उभ्या असलेल्या धड्यावर आहे.

आधी बरणीची चांगली बाजू. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत, ती हवा ओढून घेत नाहीत, ही गोष्ट ती उत्तम दाखवते. पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी होतो आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते. "छाती फुगते म्हणून हवा आत येते, हवा आत येते म्हणून छाती फुगते असे नव्हे" हे वाक्य शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. बरणीची भिंत बरगड्यांसारखी हलत नाही, फुग्यांच्या भोवती मोकळी जागा दिसते (खरी फुप्फुसे छातीच्या भिंतीला पाण्याच्या पातळ थराने जवळजवळ चिकटलेली असतात, ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी), फुगा आतून पोकळ असतो तर फुप्फुस स्पंजासारखे. हे दोष बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतात आणि काही जण ते सांगतातही. प्रतिकृती म्हटली की एवढे चालायचेच. आमची तक्रार वेगळी आहे.

पडदा सोडला की फुगे पूर्ण रिकामे होतात. येथे बरणी चूक शिकवू लागते.

सुदृढ प्रौढ माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो आणि तेवढीच सोडतो. ती सोडून झाल्यावर त्याच्या छातीत किती हवा उरते? हा प्रश्न आम्ही शिक्षकांच्या शिबिरांत विचारून पाहिला आहे. "थोडीशी" हे उत्तर सर्वात जास्त वेळा मिळते, "काहीच नाही" हेही मिळते. खरे उत्तर आहे, सुमारे २ ते अडीच लिटर. म्हणजे घेतलेल्या हवेच्या चार-पाच पट. जिवाच्या आकांताने फुंकर मारली तरी लिटर-सव्वा लिटर हवा आत राहतेच.

बाहेरून आलेले ५०० मिलिलिटरही सगळे कामी येत नाहीत. नाकापासून बारीक श्वासनलिकांपर्यंतच्या मार्गात सुमारे १५० मिलिलिटर हवा मावते आणि तेथे वायूंची देवघेव होत नाही. वायुकोशांपर्यंत ताजी हवा पोचते ती ३५० मिलिलिटर. ती आधीच्या अडीच लिटरांत मिसळते. म्हणजे एका श्वासात आतल्या हवेचा जेमतेम सातवा भाग बदलतो. पाण्याने भरलेल्या रांजणातून तांब्याभर पाणी काढावे, तांब्याभर ताजे घालावे, तसा हा व्यवहार आहे. फुग्यांचा व्यवहार तांब्या पालथा करून पुन्हा भरण्याचा आहे.

हा फरक किरकोळ वाटेल, पण धड्यातले कितीतरी गोंधळ त्यातून आले आहेत. "आपण ऑक्सिजन आत घेतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो" हे वाक्य घ्या. मुले त्याचा अर्थ असा करतात की आत जातो तो निव्वळ ऑक्सिजन आणि बाहेर येतो तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड. वस्तुतः आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर पडणाऱ्या हवेत अजून सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास जातो. हा तक्ता पुष्कळ पुस्तकांत छापलेला असतो, आणि त्याच पानावर ते वाक्यही! बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देऊन वाचवता येते ते या १६ टक्क्यांच्या जोरावर. चुन्याची निवळी पांढरी होते एवढे पाहून आपण थांबतो. आपली उच्छ्वासाची हवा दुसऱ्याचा जीव वाचवण्याइतकी चांगली असते, हे सांगायचे राहून जाते.

रांजण मोठा असण्याचा फायदा असा की वायुकोशांतल्या हवेचे मिश्रण दर श्वासागणिक फारसे हेलकावत नाही. तेथे ऑक्सिजन सुमारे १४ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड साडेपाच टक्क्यांच्या जवळपास टिकून राहतो. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले की शरीराचे लक्ष मुख्यतः या दुसऱ्या आकड्यावर असते. वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला तरी श्वसन लगेच वाढते. ऑक्सिजन मात्र बराच कमी होईपर्यंत तशी ओरड होत नाही. "ऑक्सिजन कमी पडला म्हणून दम लागला" हे वर्गातले नेहमीचे स्पष्टीकरण म्हणूनच अर्धवट आहे. २०२० साली याचा पडताळा घरोघर आला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन फिरलेल्या पथकांत अनेक ठिकाणी शिक्षकही होते. रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरलेला आणि माणूस मात्र गप्पा मारतो आहे, असे कोरोनाचे रुग्ण तेव्हा डॉक्टरांनी पाहिले. त्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठलेला नव्हता, त्यामुळे धोक्याची घंटा वाजली नाही. बोटाला लावायच्या त्या चिमट्यामागचे तत्त्व १९७४ मध्ये ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने मांडले. साथ ऐन भरात येत असताना, एप्रिल २०२० मध्ये, तो वारला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

श्वास "आपोआप सुटतो" म्हणजे काय होते? श्वास घेताना श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू काम करतात आणि फुप्फुसे ताणली जातात. स्नायू सैल पडले की ताणलेली फुप्फुसे आपल्या ओढीने आखडतात आणि हवा बाहेर पडते. फुग्याचेही असेच. पण फुप्फुसांची ही ओढ येते कोठून? काही अंशी त्यांच्यातल्या लवचीक तंतूंमुळे. बाकीचा, आणि मोठा, भाग पाण्याचा आहे. माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, प्रत्येक साधारण एक पंचमांश मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येकाला आतून द्रवाचे पातळ अस्तर. या अस्तराचा पृष्ठताण वायुकोशाला आवळत असतो. १९२९ मध्ये कुर्ट फोन नीरगार्ड या शास्त्रज्ञाने फुप्फुसे हवेऐवजी द्रवाने भरून पाहिली. हवा आणि पाणी यांच्यातला पृष्ठभागच नाहीसा झाल्यामुळे ती कितीतरी कमी दाबात फुगली. साधा प्रयोग, पण त्याकडे पुढची पंचवीसेक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

शुद्ध पाण्याचे अस्तर असते तर आपले वायुकोश मिटून गेले असते. वायुकोशांतल्या काही पेशी साबणासारखा एक पदार्थ पाझरवतात आणि तो हा ताण आटोक्यात ठेवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. १९५९ मध्ये बोस्टन येथे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले की श्वास न जमल्यामुळे दगावणाऱ्या अशा बाळांच्या फुप्फुसांत हाच पदार्थ उणा असतो. कारण कळले, पण उपाय हातात आला नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत याच विकाराने गेला. त्या काळी सत्तेच्या शिखरावरच्या माणसालाही मिळू न शकलेला उपाय १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा आणि सहकाऱ्यांनी करून दाखवला. त्यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढलेला हा पदार्थ बाळांच्या श्वासनलिकेत घातला. आज नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात हे औषध नेहमीचे झाले आहे. साबणाच्या फुग्यांनी खेळणाऱ्या मुलांना पृष्ठताण शिकवताना ही हकीकत सांगता येते. आपण तो पदार्थविज्ञानात शिकवतो आणि जीवशास्त्राचा तास सुरू झाला की विसरतो.

म्हणजे श्वास सुटतो तो ओढीमुळे. आणि सुटलेली हवा जाते ती नळ्यांतून. बरणीत नळी एकच, बहुधा काचेची, कडक. छातीतली मुख्य श्वासनलिका सुमारे तेवीस वेळा दुभंगत जाते. वरच्या नळ्यांना कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. एक मिलिमीटरच्या आतल्या बारीक नळ्यांना तो नसतो. त्या उघड्या राहतात त्या भोवतालच्या वायुकोशांच्या भिंतींनी त्यांना चारी बाजूंनी ताणून धरल्यामुळे, तंबूचे कापड दोऱ्यांनी ताणून धरावे तसे.

आता श्वासाची दोन्ही अंगे डोळ्यांसमोर आणा. आत घेताना छाती मोठी होते, सगळे ताणले जाते, त्याबरोबर या बारीक नळ्याही रुंदावतात. सोडताना छाती आखडते आणि नळ्या अरुंद होतात. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. पण वर्षानुवर्षे धूर ओढून ज्याच्या वायुकोशांच्या भिंती विरून गेल्या आहेत, त्याच्या तंबूच्या दोऱ्या तुटलेल्या असतात. त्याची फुप्फुसे बरेच दिवस फुगवून ठेवलेल्या फुग्यासारखी सैल पडतात, म्हणजे हवा बाहेर काढणारी ओढच कमी होते. त्यात नळ्यांना सूज आणि कफ. मग तो जोर लावून श्वास सोडू पाहतो. या जोराने छातीतला दाब वाढतो आणि आधार सुटलेल्या नळ्या बाहेरून दाबल्या जाऊन मिटतात. जितका जोर जास्त, तितकी वाट बंद. श्वास घेता येतो, सोडता येत नाही. त्या मुलीने आईच्या आजाराचे अचूक वर्णन केले होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हेच समजावून घ्यायला काही तास लागतात.

सोडता न आलेली हवा आत साठते, आणि रांजण काठोकाठ भरला की नवा तांब्या ओतायला जागा राहत नाही. हे स्वतः अनुभवता येते. खुर्चीत बसून छाती भरून श्वास घ्या. आता तो सगळा न सोडता वरच्यावर थोडा सोडा, थोडा घ्या, असे अर्धा मिनिट करा. (दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी हे करू नये, आणि चक्कर वाटली तर लगेच थांबावे.) मान आणि खांदे कसे ओढले जातात ते कळेल. हा रुग्ण दिवसभर असा जगतो. म्हणून तो जिना चढताना मध्येच थांबतो, हात टेकून पुढे वाकून बसतो, आणि श्वास सोडताना गरम चहावर फुंकर घातल्यासारखे ओठ आवळतो. ओठ आवळल्याने नळ्यांच्या आत थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. हे त्याला बहुधा कोणी शिकवलेले नसते, शरीर ते शोधून काढते.

येथे बरणीचा एक विनोद नोंदवायला हवा. निरोगी श्वासपटल विश्रांतीत घुमटासारखे वर उचललेले असते आणि श्वास घेताना ते खाली येते. बरणीतला पडदा मात्र सुरुवातीलाच सपाट असतो. हवा साठून छाती फुगलेल्या रुग्णाचे श्वासपटल असेच सपाट झालेले असते, आणि सपाट झाल्यामुळेच ते दुबळे पडते. म्हणजे निरोगी श्वसनाची प्रतिकृती म्हणून आपण ज्या पडद्याकडे बोट दाखवतो, तो पडदा आजाऱ्याचा आहे!

धडा रोगांकडे वळतो तेव्हा त्याची घाई सुरू होते. शेवटच्या अर्ध्या पानात क्षय, न्यूमोनिया, दमा आणि धूम्रपानाचे तोटे उरकले जातात. क्षयाबद्दल निदान रॉबर्ट कॉख, १८८२, थुंकी आणि औषधे एवढे तरी येते. दम्याच्या वाट्याला "श्वास घेण्यास त्रास होतो" हे वाक्य येते, तेही उलटे. दम्यात बारीक नळ्यांच्या भिंतीतले स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, कफ दाटतो. आणि नळ्या सोडतानाच अधिक अरुंद होत असल्याने घरघर मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. नळी थोडी अरुंद झाल्याने एवढे काय बिघडते, याला पदार्थविज्ञानात उत्तर आहे. संथ प्रवाहाला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळापट. पॉइसोईचा हा नियम अकरावी-बारावीच्या मुलांना गणितासाठी पाठ असतो, पण तो आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या मित्राच्या छातीत चालू आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

दमा आणि मघाचा आजार (डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात) यांत एक मोठा भेद आहे. दम्यातले आवळणे बऱ्याच अंशी उलटवता येते, सीओपीडीत विरलेल्या भिंती परत येत नाहीत. त्यामुळे दम्याचे मूल नीट औषध घेत असेल तर धावू शकते, पोहू शकते, कबड्डी खेळू शकते. प्रत्यक्षात आपल्याकडे त्याला खेळाच्या तासाला कट्ट्यावर बसवतात, आजार 'बालदमा' या गोंडस नावाने झाकतात आणि औषधाचा पंप दप्तराच्या तळाशी लपवतात, कारण "पंपाची सवय लागते". ही समजूत शिक्षकांमध्येही आहे. साधा हिशेब पुरे. नळ्या सैल करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे लहान गोळीच्याही विसावा भाग. औषध थेट जागेवर जाते, म्हणून थोडे लागते. मात्र केवळ या आराम देणाऱ्या औषधावर विसंबणे चुकीचे. मूळ सूज तशीच राहते, आणि २०१९ पासून दम्याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रेही किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांना केवळ त्यावर ठेवू नये असे सांगतात. सूज कमी करणारे ओढायचे औषध हा उपचाराचा कणा आहे. कोणते व किती हे डॉक्टर ठरवतील. शाळेने एवढे करावे की पंप मुलाजवळ राहू द्यावा, कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात नव्हे. आणि दम लागलेल्या मुलाला आडवे निजवून "मोठा श्वास घे" असे सांगू नये. त्याची छाती आधीच भरलेली आहे.

या पंपाचा जन्मही एका शाळकरी मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने त्यांना विचारले होते की केसांचा फवारा डब्यातून येतो तसे माझे औषध का येत नाही. पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला. लहान मुलांना पंप दाबणे आणि श्वास ओढणे एकदम जमत नाही, म्हणून मध्ये एक पोकळ डबा जोडतात; तो सगळ्यांना परवडत नाही. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली नीट भोक पाडून व बंद करून वापरली, तेव्हा ती विकतच्या डब्याइतकीच उपयोगी ठरली. ज्या बाटलीत आपण फुगे टांगतो, तीच ही.

कारणांच्या बाबतीतही धडा सिगारेटपाशी थांबतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे ५.५३ कोटी आणि दम्याचे ३.७९ कोटी रुग्ण होते. यांतल्या असंख्य स्त्रियांनी विडी-सिगारेट हातातही धरलेली नाही. लाकूड, गोवऱ्या आणि काटक्या यांच्या धुरात त्यांनी रोज काही तास, वीस-तीस वर्षे काढली आहेत. घरात गॅस आला तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ ठिकाणी चुलीवरच होते. "धूम्रपान करू नये" हे वाक्य वाचून त्या मुलीला आईच्या आजाराचा सुगावा लागणार कसा?

धुळीचे एक उदाहरण तर शाळेच्या दारातले आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली दगड कापून बनत. त्या दगडाच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांत रुतते, तेथे व्रण धरतात आणि फुप्फुस ताठर होत जाते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. आमच्या पिढीने त्या पेन्सिलींनी मुळाक्षरे गिरवली आणि काहींनी त्या खाल्ल्याही. पण त्या कोणाच्या छातीतून आल्या हे कोणत्याही धड्यात नव्हते, आजही नाही.

तर मग बरणी फेकून द्यावी का? आम्ही तसे म्हणणार नाही. आम्ही ती थोडी बिघडवून पाहिली. बाटलीच्या आत, नळीचे टोक आणि फुगा यांच्यामध्ये, बर्फाच्या कांडीच्या पातळ प्लास्टिक वेष्टनाचा बोटभर तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला. एकाच फुग्याने भागते. फुगा जुना, सैल पडलेला घ्यावा. पहिल्या दोन खेपांना सांध्यांतून हवा गळाली, तिसऱ्यांदा मेणाने काम झाले. पडदा खाली ओढला; बाटलीतला दाब कमी झाला, वेष्टनाची नळी गोल उघडली आणि फुगा फुगला. मग पडदा नुसता न सोडता जोराने आत ढकलला. वेष्टनाच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या. पडदा आत दाबलेला, वरची काचेची नळी मोकळी, आणि फुगा तसाच फुगलेला राहिला.